नाक सगळ्यांनाच असतं

फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तान भूकंपानं हादरलं, तेव्हा भारतातून गेलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या तुकड्यांसोबत ज्युली आणि रोमिओ ही लॅब्रेडॉर कुत्रीही होती. गाझिआन्तेप प्रांतातल्या नुरदागी इथं कोसळलेल्या एका इमारतीच्या ढिगाऱ्यावर ज्युली एका जागी घुटमळली आणि भुंकायला लागली. खाली कुणीतरी जिवंत आहे, असं तिचं म्हणणं. जवानांनी लगेच पहार उचलली नाही. रोमिओला वेगळं आणून त्याच ढिगाऱ्यावर सोडलं, आणि तोही त्याच जागी भुंकला. मग खोदकाम झालं आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर आली. आपल्या वर्तमानपत्रांनी कुत्र्याच्या नाकाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र या हकिगतीत ज्युलीपेक्षा रोमिओ जास्त महत्त्वाचा वाटतो. एका कुत्र्याचा शब्द पुरेसा मानायचा नाही, दुसऱ्याकडून तो पडताळून घ्यायचा, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं. ती मुलगी वाचली त्यात नाकाचा वाटा मोठा आहेच, पण या शिस्तीचाही आहे, आणि शिस्तीचा फोटो छापता येत नसल्यामुळे तिच्याविषयी कुणी लिहीत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शोधकामाच्या कुत्र्यात नाक ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट आहे. दुर्मीळ असते ती शोधत राहण्याची ओढ. ती ओढ एखाद्या कुत्र्यात नशिबानं सापडते. पण हवी तेव्हा आणि हवी तितक्या कुत्र्यांत मिळवायची असेल तर दोन गोष्टींना पर्याय नाही. एक, पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवून केलेली पैदास. आणि दुसरी, कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसालाही, म्हणजे हँडलरलाही, उत्तर ठाऊक नसताना घेतलेली परीक्षा. आपण या दोन्हींत कच्चे आहोत आणि कौतुकात पक्के.

आधी नाकाचा हिशेब संपवू. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी अंदाजे पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. वास ओळखणारी चालू स्थितीतली जनुकं माणसात चारशेच्या आसपास, कुत्र्यात त्याच्या दुप्पट. हुंगताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतं. नाकपुड्यांच्या बाजूला ज्या चिरा असतात त्यांतून उच्छ्वास कडेला आणि मागं फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. शिवाय आत गेलेल्या हवेचा एक पदर फुप्फुसाकडे न जाता वासाच्या कप्प्याकडे वळतो. यंत्रणा थक्क करणारी आहे खरी, पण ती वडापावच्या गाडीमागं पहुडलेल्या कुत्र्यातही तितकीच शाबूत असते. चपट्या तोंडाच्या काही जाती सोडल्या तर नाकावाचून अडलंय असं कुत्रं मिळणं कठीण. मग दहा पिल्लं प्रशिक्षणाला घेतली की त्यांतली बरीच नापास का होतात? वास येत नाही म्हणून ती क्वचितच नापास होतात. कुणी कंटाळतं, कुणी घाबरतं, कुणाचं लक्ष भलतीकडे जातं, कुणाचे खुबे दुखतात. घोडं पेंड खातं ते इथं.

कामाचं स्वरूप पाहिलं की हे पटतं. विमानतळावर किंवा रेल्वे स्थानकावर स्फोटकं शोधणारं कुत्रं हजारो बॅगा हुंगतं आणि कित्येकदा सबंध कारकिर्दीत त्याला खरा बॉम्ब एकदाही भेटत नाही. भेटू नये म्हणूनच तर त्याला तिथं ठेवलेलं असतं. म्हणजे ज्या प्राण्याला शोधण्यासाठी घडवलं, त्याचा बहुतेक दिवस न सापडण्यात जातो, आणि तरीही हजाराव्या बॅगेवर त्याचा उत्साह पहिल्या बॅगेइतकाच लागतो. हँडलर मधूनमधून सरावाचा नमुना कुठंतरी दडवून ठेवतात, तो सापडला की चेंडू देतात. त्या आशेवर कुत्रं दिवस काढतं. आशेवर असा दिवस काढणं सगळ्याच कुत्र्यांना जमत नाही.

ही ओढ मोजायची एक साधी चाचणी जगभर वापरात आहे. कमरेएवढ्या गवताच्या कडेला कुत्र्याला पट्ट्याला धरून उभं करायचं. त्याचा आवडता रबरी चेंडू त्याच्यादेखत गवतात लांब भिरकवायचा. मग त्याला जागच्या जागी दोन गिरक्या देऊन दिशा चुकवायची, थोडं थांबायचं आणि सोडायचं. धावत सगळीच जातात. बघायचं ते नंतरचं. चेंडू लगेच मिळत नाही असं कळल्यावर एक कुत्रं मान वर करून माणसाकडे पाहतं, आता तुम्हीच सांगा म्हणून. दुसरं शेपटी हलवत परत येतं आणि अंगावर उड्या मारतं. घरात पाळायला याच्याइतकं गुणी कुत्रं नाही. तिसरं गवतातच राहतं. वारा कुठून येतो त्याचा अंदाज घेत आडवे फेरे मारतं, मालकाची हाक कानाआड करतं, धाप लागली तरी नाक खाली. घड्याळ लावून बसलेला माणूस या तिसऱ्याच्या नावापुढं खूण करतो. त्यानंतर त्याला जाळीच्या लोखंडी जिन्यावर चढवतात, घसरत्या फरशीवर चालवतात, अंधाऱ्या खोलीत सोडतात, मागं पत्र्यावर साखळी आपटतात. दचकलं तर चालतं. दचकल्यावर किती वेळात पुन्हा चेंडूच्या मागं लागलं, ते लिहून घेतात. गंमत अशी, की या परीक्षेत पहिलं येणारं कुत्रं एखाद्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये असतं तर सोफ्याचा कापूस काढून, महिन्याभरात घरच्यांना नकोसं झालं असतं.

आता प्रश्न असा, की ही ओढ येते कुठून? प्रशिक्षणाची बाजू घेणारे म्हणतात की हँडलर चांगला असेल तर कुठलंही कुत्रं घडतं. या मताला वजन आहे, कारण प्रशिक्षणानं काय साधतं ते डोळ्यांनी दिसतं. एका रांगेत डबे मांडलेले असतात, झाकणांना भोकं असतात, एका डब्यात लक्ष्य वास असतो. कुत्रं हुंगत जातं, त्या डब्याशी क्षणभर थबकतं, आणि त्याच क्षणी चेंडू येतो. असं शेकडो वेळा झालं की तो वास आणि चेंडू यांची गाठ बसते. मग डब्यांच्या जागा बदलतात, आजूबाजूला पेट्रोल, कांदा, साबण, कुत्र्याचं खाणं असे वास घालतात, आणि वास मिळाला की खाली बसायचं, पंजा मारायचा नाही, हे शिकवतात. स्फोटकावर पंजा मारणारं कुत्रं कुणाला नको असतं. आपल्या केंद्रांवर अशा शिक्षणाला कामानुसार सहा ते नऊ महिने जातात, आणि हँडलर व कुत्रं एकत्रच शिकतात. पण या सगळ्या पद्धतीचं इंधन म्हणजे कुत्र्याला तो चेंडू जीव टाकून हवा असणं. ज्याला तो तसा नकोच, त्याला प्रशिक्षक वास ओळखायला शिकवेल. तासभर रिकामं शोधायला लावू शकणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आड भरता येतो, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. स्वीडनमध्ये विल्सन आणि सुंडग्रेन या अभ्यासकांनी १९९७ साली १,३१० जर्मन शेफर्ड आणि ७९७ लॅब्रेडॉर यांच्या वर्तन-चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दीड वर्षाच्या वयात घेतलेल्या या चाचण्यांतले बरेच गुण अंशतः आनुवंशिक निघाले, म्हणजे निवडून पैदास केली तर पुढच्या पिढीत वाढवता येण्याजोगे. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी दुसरा निष्कर्ष मांडला, तो आपल्याकडच्या खरेदी समित्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लांची परीक्षा घेऊन ती मोठेपणी कशी निघतील हे त्यांना सांगता आलं नाही. आपल्याकडे अनेक पोलीस दलं खासगी पैदास करणाऱ्यांकडून पिल्लं विकत घेतात. पिल्लू चपळ आहे, धीट आहे, केनेल क्लबचं प्रमाणपत्र आहे, एवढ्यावर निवड होते. त्या वयात पिल्लाकडे बघून फारसं काही कळत नसेल तर बघायचं कुणाकडे? त्याच्या आईबापाकडे, काकामामांकडे, मागच्या वेतातल्या भावंडांकडे. त्यांतली किती कामाला लागली, किती वर्षं टिकली, कशामुळे बाद झाली? केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो. त्या वंशानं काम काय केलं ते सांगत नाही. लॅब्रेडॉर हे एकच नाव प्रदर्शनासाठी वाढवलेल्या जाडजूड घराण्यालाही आहे आणि रानात दिवसभर पळणाऱ्या सडपातळ घराण्यालाही. सरकारी पैशानं पिल्लू घेताना 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' हा खाक्या अक्षरशः लागू करायला हरकत नाही.

नोंदींनी काय होतं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण शोधकुत्र्यांचं नाही, अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांचं आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतली 'द सीइंग आय' ही १९२९ची संस्था. खुब्याच्या सांध्याचा दोष मोठ्या कुत्र्यांच्या मुळावर येतो. दोन वर्षं शिकवलेलं कुत्रं चौथ्या वर्षी लंगडायला लागलं की सगळा खर्च पाण्यात. या संस्थेनं प्रत्येक कुत्र्याच्या सांध्यांची तपासणी नोंदवली आणि जोड्या लावताना त्या कुत्र्याबरोबर त्याच्या सगळ्या नातलगांचे आकडे हिशेबात धरले. पाचाहून कमी पिढ्यांत तिथल्या जर्मन शेफर्डमधलं सांध्याच्या दोषाचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४वर आलं, लॅब्रेडॉरमधलं ३०वरून १०वर. कुठलं नवं औषध नाही, नवी जात नाही. वही, पेन आणि चिकाटी. नातलगांचे आकडे घेण्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. स्वभावाचे गुण अंशतःच आनुवंशिक असतात, म्हणून एकटा पराक्रमी बाप पाहून पिल्लं घेतली तर फसगत होते. पराक्रम त्याच्या हँडलरचाही असू शकतो. पन्नास नातलगांची नोंद पाहिली की हँडलरचा वाटा आपोआप वजा होतो.

दक्षिण कोरियानं या वाटेला फाटा देऊन पाहिला. कस्टम्सच्या 'चेस' नावाच्या नामांकित लॅब्रेडॉरची २००७ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठात सात प्रतिरूपं, म्हणजे क्लोन, जन्माला घातली. सगळ्यांचं नाव एकच, टॉपी. त्यातली सहा पुढं कामावर रुजू झाली, एरवीच्या उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. रक्तात काहीतरी असतं याला हा दुजोरा आहे, पण सात पिल्लांवरून धोरण ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा; आणि या सातांकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं, तेव्हा त्यांच्या संगोपनात कसूर झाली नसणार.

संगोपन म्हटलं की पहिले तीन महिने आले. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघांनी १९६५ साली ग्रंथरूपानं मांडलेलं निरीक्षण आजही टिकून आहे: तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना, जागांना सरावतं, त्यांची त्याला पुढं भीती वाटत नाही, आणि जे तेव्हा निसटलं ते नंतर कष्टानंही पुरतं भरून निघत नाही. टेक्सासमधल्या लॅकलंड हवाई तळावर अमेरिकी सैन्य स्वतःची पैदास करतं. पिल्लं दोन महिन्यांची झाली की आजूबाजूच्या कुटुंबांत वाढायला पाठवतात आणि काही महिन्यांनी परत घेतात. तळावर जन्मलेल्या कुत्र्याचं नाव लिहिताना पहिलं अक्षर दोनदा लिहितात, म्हणजे नाव वाचताच कुत्रं घरच्या पैदाशीचं की विकतचं ते कळावं. नोंद ठेवायची सवय किती खोल जाते त्याचं हे लहानसं उदाहरण. आपल्याकडे पुण्या-नाशकात कुत्र्यावर जीव लावणारी आणि गच्चीपासून बाजारापर्यंत त्याला मिरवणारी घरं काय कमी आहेत? त्यांच्याकडे पोलिसांचं पिल्लू सहा महिने सांभाळायला देण्यात नियमांची अडचण असेल. पिल्लांचं नुकसान नक्की नाही.

इथं देशी कुत्र्यांचा प्रश्न येतो आणि तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलं तरी ते घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी या शिकारी कुत्र्यांची पैदास जोपासली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. आपल्याकडे त्याच घराण्यातली कुत्री कारवानी म्हणून ओळखली जातात, मराठवाड्यात लांब केसांची पश्मी आहेत. तिम्मापूरला कर्नाटक सरकारचं मुधोळ कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. सैन्यानं २०१६च्या सुमारास मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात मुधोळ पिल्लं आजमावायला घेतली. परदेशी कुत्र्यांवर पैसा घालण्यापेक्षा आपलं काटक, उन्हाला सरावलेलं कुत्रं का नाही, असा देशीवाद्यांचा सवाल असतो. यावर जाणकार म्हणवणारे ठरलेलं उत्तर देतात: मुधोळ हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं, सशामागं धावायला घडवलेलं, नाकानं सावकाश काम करणं त्याच्या रक्तात नाही. हे उत्तर बरंचसं खरं आहे. शतकानुशतकं या कुत्र्यांची निवड वेगासाठी झाली, आणि प्रशिक्षकांची तक्रार अशी की ती चेंडूपेक्षा क्षितिजाकडे जास्त बघतात. पण मग २०२४च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची रिया नावाची मुधोळ कुत्री माग काढण्याच्या प्रकारात पहिली आली, त्याचं काय करायचं?

माझ्या मते तिचं यश दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतं. मुधोळला जमणारच नाही, हे तिनं खोटं ठरवलं. मुधोळला जमतं, हे मात्र तिनं सिद्ध केलेलं नाही. एका मुधोळला जमतं, एवढंच केलं. पुढचं काम ग्वाल्हेरजवळच्या टेकणपूरला, जिथं सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं व्हायला हवं: रियाची भावंडं, तिची पिल्लं, त्यांच्या परीक्षा, आणि चारपाच पिढ्यांची नोंद. जर्मन शेफर्ड जन्मतःच पोलिसांचं कुत्रं नव्हतं. १८९९ साली फोन स्टेफानित्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं मेंढपाळांची कुत्री निवडून, त्यांची वंशावळ लिहून ते घडवलं. मुधोळच्या बाबतीत तसं करायला कुणी अडवलेलं नाही. परेडमध्ये देशी कुत्री चालवणं सोपं असतं. तीस वर्षं एक वही चालवणं अवघड.

आणि जातीच्या नावाला भुलण्याचा रोग काही देशीवाद्यांपुरता नाही. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या जंगलात टी-१ वाघिणीचा, अवनीचा शोध चालू असताना इटालियन केन कोर्सो जातीची दोन कुत्री आणली होती. ती जात राखणीची. वाघिणीचा माग काढायचं काम त्यांच्या वाट्याला कुठल्या हिशेबानं आलं, हे आजही उलगडत नाही. अवनीला २ नोव्हेंबरला गोळी घातली गेली. कुत्र्यांचा त्यात काही उपयोग झाला नव्हता.

ही झाली पैदाशीची अडचण. दुसरी, परीक्षेची अडचण अधिक गंभीर आहे: कुत्रं चुकतं, आणि चुकल्याचं कुणाला कळत नाही. २०११ साली कॅलिफोर्नियात लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी १८ हँडलर-कुत्रा जोड्यांना एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायला लावलं. हँडलरना सांगितलं, की काही ठिकाणी लाल कागद लावलाय तिथं लक्ष्य वास आहे. प्रत्यक्षात वास कुठंच नव्हता. १४४ फेऱ्यांपैकी वास मिळाल्याची एकही खोटी खूण न झालेल्या फेऱ्या फक्त २१. कुत्र्यांचं नाक बिघडलेलं नव्हतं; हँडलरची नजर, पट्ट्याचा ताण, एखाद्या जागी रेंगाळणारं पाऊल कुत्रं वाचत होतं, किंवा हँडलरच कुत्र्याच्या साध्या थबकण्याला खूण समजत होता. या प्रयोगावर हँडलरांनी बरीच टीका केली, त्यात तथ्यही आहे. पण त्याचा गाभा कुणी खोडून काढलेला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हे फार आधी जाणवलं होतं. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात १९६९ साली न्यायालयानं पोलीस कुत्र्याच्या पुराव्यावर बोट ठेवलं: कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी देऊ शकत नाही, त्याच्या वतीनं बोलतो तो हँडलर, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. तपासाला दिशा मिळवायला कुत्रं वापरा, शिक्षेचा आधार म्हणून नको, अशी भूमिका पुढंही राहिली. काही पोलीस अधिकाऱ्यांना हा कुत्र्यांचा अपमान वाटतो. मला तो परीक्षेचा मागणीअर्ज वाटतो. हँडलरला आणि परीक्षकालाही नमुना कुठं आहे ते माहीत नाही, आणि काही फेऱ्यांत नमुना मुळीच नाही, अशी परीक्षा दर काही महिन्यांनी घेऊन तिचे आकडे जपून ठेवले तर उद्या न्यायालयापुढं निदान एवढं सांगता येईल, की या कुत्र्यानं शंभर रिकाम्या फेऱ्यांत इतक्या वेळा खोटी खूण केली. आज आपल्याकडे काय असतं? यशाची यादी. बीडच्या पोलीस दलातल्या रॉकीनं तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली, २०२० साली त्याला मानवंदनेनं निरोप दिला. मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्रेडॉरच्या नावावर १९९३च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगानं तो गेला. हे आकडे मुंबईकरांनी कृतज्ञतेनं लक्षात ठेवावेत असेच आहेत. पण त्यांच्यावरून दुसरा जंजीर कसा मिळवायचा हे कळत नाही, आणि त्याची गुणसूत्रं त्याच्याबरोबर संपली असतील तर तो आपला करंटेपणा. कुत्र्याचा कस चार-पाच वर्षांच्या कामात लागतो. तोवर त्याचं वीर्य गोठवून ठेवलेलं नसलं किंवा चांगल्या कुत्रीला वेळेत वेत घेऊ दिलं नसलं, तर सिद्ध झालेलं रक्त हातचं जातं.

यंत्रं आली की कुत्री जातील, हा आक्षेप आता जुना झाला. इराक आणि अफगाणिस्तानात पेरलेले बॉम्ब शोधण्यासाठी अमेरिकेनं एक वेगळी संघटनाच काढली, सुमारे १९ अब्ज डॉलर खर्च केले; २०१० साली तिचे प्रमुख जनरल ओट्स यांनी जाहीर सांगितलं, की सर्वांत उत्तम शोधयंत्र म्हणजे हँडलर आणि कुत्रं. एरवी निम्मेच बॉम्ब आधी सापडतात, कुत्रं बरोबर असलं की ऐंशी टक्के. कुत्र्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या. तोंड उघडून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात लॅब्रेडॉरकडून अर्ध्या तासावर सलग कामाची अपेक्षा धरणं म्हणजे नुसती हजेरी भरून घेणं. तेवढ्यासाठी तरी उन्हात टिकणाऱ्या देशी रक्ताचा विचार व्हावा.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर निकड दरडींनी दाखवून दिली आहे. ३० जुलै २०१४ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली. जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं बेपत्ता म्हणून सोडून देत चार दिवसांनी शोध थांबवला गेला. कुत्री असती तर ती सगळी सापडली असती, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. तिथं चिखल खोल होता, पाऊस थांबत नव्हता, डोंगर पुन्हा सरकायची भीती होती. पण जिवंत माणूस शोधणं आणि मृतदेह शोधणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि केरळ पोलिसांनी दुसरी विद्या मन लावून जोपासली. २०२४च्या वायनाडच्या दरडीत त्यांची माया आणि मर्फी ही कुत्री राबली; २०२५ साली तेलंगणात बोगदा कोसळला तेव्हा मृतदेह शोधायला केरळहून कुत्री न्यावी लागली. दरवर्षी दरड कोसळणाऱ्या सह्याद्रीच्या राज्याकडे अशी कुत्री मागायला कुणी येत नाही.

राहता राहिला करुणेचा मुद्दा. वह्या, आकडे, नापास पिल्लं, हे सगळं ऐकून कुणाला कारखान्याचा वास येईल. पण नोंदी नसतात तेव्हाच चुकीचं कुत्रं वर्षानुवर्षं नको त्या कामाला जुंपलं जातं. आठ महिन्यांत नापास ठरवून घरी दिलेलं कुत्रं सुखी असतं. पास-नापास काहीच न ठरवता ड्युटी भरायला नेलं जाणारं कुत्रं नसतं. २६/११ला राबलेली मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही मुंबईची कुत्री शेवटी विरारच्या एका फार्मवर राहिली आणि २०१६ साली एकापाठोपाठ गेली. निवृत्त कुत्र्यांसाठी तशी सोय प्रत्येक जिल्ह्याच्या श्वान पथकाला हवी.

पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. त्यानं दरवर्षी एक पान प्रसिद्ध करावं: किती पिल्लं आली, कुठल्या आईबापांची, किती पास झाली, नापास कशामुळे झाली, रिकाम्या फेऱ्यांत खोट्या खुणा किती. त्याला वेगळा निधी लागत नाही, आणि सुरक्षेचं एकही गुपित त्यातून फुटत नाही. विधिमंडळात एका तारांकित प्रश्नानं हे पान मागवता येईल. वाचकांपैकी कुणाचे आमदार ओळखीचे असतील, तर येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी त्यांच्या हातात हा प्रश्न द्यावा.